हवाई अंतर मोजणारी साइट : काही महिने वापरल्यावर

आई-बाबा डोंबिवलीला, आम्ही लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळ स्लाउला. मुंबई-लंडन फेऱ्या कुणाच्या ना कुणाच्या चालूच असतात, आणि तिकीट बघण्याआधी मी दोन शहरांमधलं अंतर नि वेळ सांगणारी एक फुकट साइट उघडते. बरेच महिने वापरून झाली, आता लिहायला हरकत नाही.

अंतराला पैकीच्या पैकी मार्क. मुंबई ते हीथ्रो 7,200 किलोमीटरच्या आसपास दाखवते आणि ते बरोबर आहे. खरी मजा मधला थांबा टाकून बघण्यात आहे. दुबईमार्गे गेलात तर जेमतेम दोन-सव्वादोनशे किलोमीटर वाढतात, इस्तंबूलमार्गे त्याहूनही कमी. दिल्लीमार्गे मात्र साडेसहाशेच्या आसपास! बाबांना हे दाखवलं तर म्हणाले, "असू दे गं, दिल्लीत निदान हिंदीत विचारता येतं." हेही खरंच.

वेळेच्या बाबतीत मात्र साइट कच्ची. सरळसरळ अंतर भागिले ताशी नऊशे, वर अर्धा तास चढ-उताराचा, की झाले साडेआठ तास. जाताना तेवढेच, येताना तेवढेच. प्रत्यक्षात वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. मुंबईहून लंडनला येताना ते समोरून येतात, तिकिटावर पावणेदहा-दहा तास दिसतात. उलट जाताना तेच वारे पाठीशी असतात आणि नऊच्या आसपास काम होतं. हिवाळ्यात जेट स्ट्रीम, म्हणजे हाच वरचा वेगवान वारा, जोरात असतो. जानेवारीत मुंबईला जाताना सीटसमोरच्या नकाशावर वेग हजाराच्या पुढे गेलेला, परतीला आठशे गाठतानाही मारामार.

शिवाय नकाशावर ती जी कमानदार रेघ काढते, ती बलुचिस्तान, इराण, जॉर्जिया करत युक्रेनवरून येते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद आहे, आणि पाकिस्तानचं एप्रिल 2025 पासून भारतीय कंपन्यांना. म्हणजे त्या रेघेवरून कुणी उडतच नाही. जवळ आल्यावर हीथ्रोच्या घिरट्या आहेतच: बोव्हिंगडन, लॅम्बर्न, ऑकम, बिगिन हिल, यांपैकी कुठेतरी नंबर लागेपर्यंत गोल फिरायचं. मुंबईतही तीच गत, दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते.

घड्याळातला फरक नीट सांगते, फक्त तारीख टाकायला विसरू नका. हिवाळ्यात साडेपाच तास, मार्च अखेर ते ऑक्टोबर अखेर साडेचार. जाहिराती वैताग आणतात. 'वेळ दाखवा' दाबायला जावं तर बोट हॉटेलवर पडतं.

पाचपैकी तीन तारे. मार्ग ठरवायला जरूर वापरा. हीथ्रोवर कुणाला आणायला जायच्या दिवशी मी ही उघडतच नाही, लाइव्ह ट्रॅकर बघते. विमान टेकलं की चहा टाकते, पिऊन मग गाडी काढते. इमिग्रेशन आणि बॅगांत त्यांचा तास जातोच, आणि तिथल्या पार्किंगचे दर बघता लवकर पोचून करायचंय काय?