इंजिनात पाणी शिरलेल्या गाडीचे काम : एका गॅरेजच्या सेवेचे परीक्षण

इंजिनात पाणी शिरलेली गाडी गॅरेजच्या दारात उतरल्यावर तिथल्या माणसाने सर्वांत आधी किल्लीला हात लावला की बॅटरीच्या तारेला, यावरून पुढचे काम कोणत्या वळणाने जाणार याचा बराचसा अंदाज येतो. ज्या गॅरेजच्या सेवेविषयी मी लिहीत आहे तिथे गाडी फ्लॅटबेडवरून खाली घेण्यापूर्वीच बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवण्यात आली, आणि 'सेल्फ मारू नये' असे ठळक अक्षरांत लिहिलेला कागद स्टिअरिंगला बांधण्यात आला. ही सावधगिरी वरवर किरकोळ वाटते. परंतु रात्रपाळीला आलेल्या एखाद्या उत्साही हेल्परने 'चालू होते का पाहू' म्हणून सेल्फ मारला, तर सकाळपर्यंत दुरुस्त होण्याजोगे असलेले इंजिन निकामी होऊ शकते.

गाडी पेट्रोलवर चालणारी, चार सिलिंडरची, १२०० सीसीची आणि टर्बो नसलेली आहे. साचलेल्या पाण्यातून सावकाश जात असताना समोरून आलेल्या मोठ्या वाहनाने उसळवलेली लाट थेट जाळीवर आदळली, इंजिनाने एक आचका दिला आणि ते बंद पडले. बऱ्याच गाड्यांमध्ये हवा ओढणाऱ्या नळीचे तोंड बंपर आणि हेडलाइट यांच्या मागे, अपेक्षेपेक्षा बरेच खाली असते, त्यामुळे पाणी बॉनेटपर्यंत चढण्याची गरजच नसते. १२०० आरपीएमला फिरणाऱ्या चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर सेकंदाला १० वेळा श्वास घेतो, हे लक्षात घेतले म्हणजे क्षणभर आलेली लाटही पुरेशी का ठरते ते कळते. गाडी पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न न करता ती उचलून नेण्यात आली.

नेमके नुकसान कशाने होते, हे गॅरेजच्या फोरमनने जॉब कार्ड लिहिता लिहिता ज्या पद्धतीने समजावले ती मला या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. माझ्या इंजिनाच्या एका सिलिंडरचे आकारमान ३०० सीसी आणि कॉम्प्रेशनचे प्रमाण, म्हणजे पिस्टन अगदी खाली असताना आणि अगदी वर असताना त्याच्या माथ्यावर असणाऱ्या जागांचे गुणोत्तर, १० ला १ आहे, असे धरून त्यांनी हिशेब मांडला. पिस्टन अगदी वर पोहोचतो तेव्हा त्याच्या माथ्यावर उरणारी जागा ३०० भागिले ९, म्हणजे सुमारे ३३ सीसी भरते. हवा दाबली जाऊन या जागेत मावते. पाणी मात्र व्यवहारात दाबले जात नाही. त्यामुळे दोन मोठ्या चमच्यांपेक्षा थोडे अधिक पाणी सिलिंडरमध्ये अडकले तरी पिस्टनला वर जायला वाट राहत नाही, आणि फिरत्या इंजिनाची सगळी ताकद पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवर येऊन तो वाकतो. डिझेल इंजिनात कॉम्प्रेशनचे प्रमाण याहून बरेच अधिक असल्याने ही जागा आणखी लहान असते; १५०० सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात १६ ला १ या प्रमाणाने ती अवघी २५ सीसी येते. ग्राहकाला घाबरवून मोठे इस्टिमेट मान्य करून घेण्याऐवजी त्याच्यासमोर असा साधा भागाकार मांडणारे गॅरेज विरळच.

प्रत्यक्ष काम ज्या क्रमाने झाले त्यात मला खोट काढता आली नाही. प्रथम एअर फिल्टरचे झाकण उघडून पाहिले. कागद भिजून लगदा झाला होता आणि फिल्टरच्या पलीकडच्या नळीतही पाण्याचे ओघळ होते, म्हणजे पाणी फिल्टरपाशी थांबले नव्हते. त्यानंतर ऑइलची पातळी पाहण्याची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, काढली. ऑइल दूध घातलेल्या चहासारखे दिसू लागले असेल तर पाणी चेंबरपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भागापर्यंत, उतरले आणि इंजिनाने ते घुसळलेही, असा त्याचा अर्थ होतो. माझ्या गाडीचे ऑइल रंगाने ठीक दिसत होते, तरीही त्यावर विसंबून न राहता त्यांनी चेंबरचा नट अगदी हलकेच सैल केला. पाणी ऑइलपेक्षा जड असल्यामुळे इंजिन बंद उभे असताना ते तळाशी बसते आणि नट ढिला करताच सर्वांत आधी तेच बाहेर येते. तसे थोडेसे पाणी आलेच. डिपस्टिक स्वच्छ दिसली म्हणून निर्धास्त होणाऱ्यांनी ही तपासणी अवश्य मागून घ्यावी.

पुढे चारही स्पार्क प्लग काढण्यात आले. त्यांतले दोन ओले निघाले. इंधनाचा पुरवठा आणि इग्निशन दोन्ही तोडून, क्रँकशाफ्टच्या पुढच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवण्यात आले. दोनच फेरे का, तर चार स्ट्रोकच्या इंजिनात तेवढ्यात प्रत्येक सिलिंडरचे चारही स्ट्रोक पूर्ण होतात आणि कुठे अडत असेल तर हाताला कळते. या वेळी मेकॅनिकने पान्यावर शरीराचे वजन टाकले नाही, हे मी मुद्दाम पाहिले. अडकलेले इंजिन जोर लावून सोडवण्याची सवय पुष्कळ ठिकाणी असते, आणि प्लग काढलेले असतानाही इंजिन अडत असेल तर कारण पाण्याखेरीज दुसरे असू शकते, हे त्या जोरात विसरले जाते. हाताने फिरवून खात्री झाल्यावरच बॅटरी जोडून, प्लगची भोके उघडी ठेवून थोडा वेळ सेल्फ मारला. दोन भोकांतून पाण्याचे फवारे उडाले. आता ओल्या भिंतींवर गंज धरू नये म्हणून लगेच प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडण्यात आले. ओले सिलिंडर नुसते उघडे ठेवले तर एका रात्रीतही गंजाची पुसट झाक दिसू लागते, त्यामुळे 'उद्या बघू' हे वाक्य या कामात महागात पडते. इथे ते ऐकावे लागले नाही.

त्यानंतर भोकातून आत जाणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याने सिलिंडरच्या भिंती दाखवण्यात आल्या. चित्र मोबाइलवर दिसते आणि साठवताही येते. भिंतींवर ओरखडे नाहीत, पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्व्ह आदळल्याची खूण नाही, एवढे त्यातून समजते. रॉड सरळ आहे की वाकला आहे हे मात्र त्यातून ठरवता येत नाही. ही मर्यादा गॅरेजने स्वतःहून सांगितली असती तर मला अधिक आवडले असते.

सेवेतला मला खटकलेला भाग याच टप्प्यावर आला. प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो हे मोजणारी कॉम्प्रेशनची चाचणी झाली, चारही आकडे एकमेकांच्या जवळ आले आणि फोरमनने इंजिन सुरक्षित असल्याचे जाहीर केले. माझे समाधान झाले नाही, आणि त्याचे कारण त्यांच्याच भागाकारात होते. सिलिंडरचा व्यास सुमारे ७३ मिलिमीटर धरला तर रॉड वाकून पिस्टन वरच्या टोकाला १ मिलिमीटर कमी पोहोचल्याने वरची जागा सुमारे ४ सीसीने वाढते, आणि कॉम्प्रेशनचे प्रमाण १० वरून ९ च्या आसपास येते. म्हणजे फरक साधारण एक दशांशाचा. दोन सिलिंडरांमधला एवढा फरक जुन्या इंजिनात पिस्टनभोवतीच्या रिंग झिजल्यामुळेही पडतो आणि अनेक मेकॅनिक तो सोडून देतात. त्यात भर म्हणजे सिलिंडरमध्ये नुकतेच ऑइल सोडलेले असले की रिंगांच्या फटी बुजून आकडा प्रत्यक्षापेक्षा चांगला येतो. वाकलेला रॉड पहिल्या दिवशी आवाज करीलच असे नाही. तो काही काळ निमूट चालतो आणि पुढे ताण सोसेनासा होऊन तुटला, की इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर येतो.

यावरचा उपाय सोपा आहे. प्लगच्या भोकातून बारीक सळई आत सोडून, प्रत्येक पिस्टन वरच्या टोकाला आणून, त्याची खोली मोजायची आणि चारही मापे ताडून पाहायची. भोक तिरके असल्याने हे माप खरी उंची सांगत नाही, पण सर्व भोके सारख्याच कोनात असल्यामुळे तुलना चोख होते. मी हे सुचवल्यावर फोरमनने वाद घातला नाही, डायल गेज आणून मापे घेतली आणि ती जॉब कार्डाच्या मागे लिहून दिली. चारही मापे जुळली. शंका मान्य करून तपासणी करणाऱ्या माणसाला मी गुणच देईन, तरीही ही मापे ग्राहकाने मागेपर्यंत घेतली जात नाहीत ही उणीव राहतेच. सिलिंडरमधून पाण्याचे फवारे निघालेल्या प्रत्येक गाडीत ही पायरी ठरलेली असायला हवी.

ऑइलच्या बाबतीत त्यांनी हात आखडता घेतला नाही. जुने ऑइल आणि फिल्टर काढून नवे घातले, इंजिन काही काळ जागेवरच चालवले, तेही काढून टाकले आणि पुन्हा नवा फिल्टर व नवे ऑइल भरले. पहिल्या भरण्यासाठी त्याच ग्रेडचे, पण साध्या दर्जाचे ऑइल वापरावे हा त्यांचा सल्ला व्यवहार्य होता, कारण ते केवळ आतल्या वाटा धुण्यासाठीच असते. एअर फिल्टर वाळवून परत बसवण्याचा प्रश्नच आला नाही. हवेचे प्रमाण मोजणारा सेन्सर काढून स्वच्छ केला गेला. त्यावर गाळाचा थर राहिला तर इंजिन चालू होऊनही गचके देत राहते आणि दोष भलतीकडेच शोधला जातो.

इंजिनाबाहेरच्या कामात मात्र हे गॅरेज उणे पडते. गियरबॉक्सला हवा खेळती राहण्यासाठी ब्रीदर असतो आणि गरम गियरबॉक्स पाण्यात एकदम थंड झाला की त्यातून पाणी आत ओढले जाऊ शकते. तिथले ऑइल तपासायला मला आठवण करून द्यावी लागली. वायरिंगच्या कपलरांचे तर सांगायलाच नको. पुढच्या बाजूचे काही कपलर उघडून हवेने वाळवले गेले, परंतु पायाशी, गालिच्याखाली असलेल्या जोडांकडे कोणी पाहिले नाही, आणि गालिचा वरून कोरडा दिसत असला तरी त्याखालचा फोम पाणी बराच काळ धरून ठेवतो. गाडी ताब्यात घेतल्यानंतर काही काळाने एका दरवाजाची काच मधूनच चालेनाशी झाली, ती याच दुर्लक्षामुळे. तक्रार केल्यावर त्यांनी गालिचा उचलून, हिरवट पडलेल्या पिना साफ करून दिल्या आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. विमनस्क चेहऱ्याने का होईना, काम केले.

नोंदींच्या बाबतीतही सुधारणेला वाव आहे. छायाचित्रे काढली जातात, पण ती मेकॅनिकच्या मोबाइलमध्ये राहतात. भिजलेला फिल्टर, चेंबरमधून आलेले पाणी, ओले प्लग या सर्वांची तारखेसह छायाचित्रे मागून घ्यावी लागली. ज्यांना विम्याचा दावा करायचा आहे त्यांनी ती गाडी उघडण्यापूर्वीच मागावीत, कारण एकदा पाणी पुसले गेले की पाणी शिरले होते हे सिद्ध करणे अवघड होते. दावा करायचा असल्यास इंजिन खोलण्याआधी विमा कंपनीच्या सर्वेक्षकाची पाहणी होऊ द्यावी, हे गॅरेजने आपणहून सांगितले, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे.

डिझेल गाडी असणाऱ्यांना मी हे गॅरेज तितक्या निःशंकपणे सुचवणार नाही. डिझेलमध्ये स्पार्क प्लग नसल्याने सिलिंडरमधले पाणी काढण्यासाठी ग्लो प्लग (थंड इंजिन चालू करताना तापणारे प्लग) किंवा इंजेक्टर (डिझेल फवारणारे भाग) काढावे लागतात. जुन्या इंजिनात ग्लो प्लग काढताना तुटण्याची भीती असते, इंजेक्टर कार्बनने घट्ट धरलेले असतात आणि परत बसवताना त्यांचे तांब्याचे वायसर नवेच घालावे लागतात. शिवाय टर्बो असेल तर त्याने दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या तळाशी पाणी साचून राहते. ते काढले नाही, तर इंजिन कोरडे करून चालू केल्यावर तेच पाणी पुन्हा सिलिंडरमध्ये जाते. इंजेक्टर ओढून काढण्याचे योग्य पुलर या गॅरेजकडे माझी गाडी तिथे होती त्या वेळी नव्हते. ते बाहेरून मागवतो, असे उत्तर मिळाले. पेट्रोल गाडीचे काम मात्र मी पुन्हा त्यांच्याकडेच देईन.

गाडी सध्या नियमित वापरात आहे. ऑइल ठरलेल्या अंतराच्या बरेच आधी पुन्हा एकदा बदलून घेतले, त्यात पाण्याचा अंश किंवा धातूची चमक आढळली नाही, आणि त्या वेळी पिस्टनची मापेही दुसऱ्यांदा घेण्यात आली. ती जॉब कार्डामागच्या पहिल्या आकड्यांशी जुळली. ही दुसरी मापे घेण्याची सूचना या खेपेस फोरमनकडूनच आली.