काच बसवणारा रोबो आणि आमचे साडेनऊ लाख

पर्वरीतल्या एका आठ मजली इमारतीचं काचेचं काम आमच्याकडे आहे. आठ मजले ऐकून मुंबईवाले हसतील, पण गोव्यात ही उंचीच. गोंडोलावर, म्हणजे दोरांवर लटकणाऱ्या पाळण्यावर, चढणारी पोरं मिळेनाशी झालीत, त्यात पाऊस तोंडावर. नेमका तेव्हाच एकाचा फोन आला. आमचा रोबो कर्टन वॉलची, म्हणजे इमारतीबाहेरच्या काचेच्या भिंतीची, पॅनलं स्वतः बसवतो, भाड्याने देतो म्हणाला.

व्हिडिओ जबरदस्त होता. केबलींवर लटकलेलं यंत्र भिंतीसमोर सरकतं, स्लॅबला भोकं पाडतं, पॅनल पेलणारं ब्रॅकेट बसवतं, पॅनल अडकवतं. फक्त ते यंत्र त्याचं नव्हतं. युरोपियन युनियनच्या निधीतून 2017 मध्ये सुरू झालेल्या ‘हिफेस्टस’ या संशोधन प्रकल्पाचं ते चित्रीकरण. लोगो कापून त्यावर आपला आवाज चढवलेला. भाच्याने हे शोधून काढलं तोवर कस्टम ड्यूटीच्या नावाखाली पैसे गेले होते.

टेम्पोतून उतरलं काय? एक इलेक्ट्रिक विंच, चार सक्शन कप आणि वर चिकटवलेला टॅब. चारही कपांना मिळून एकच नळी! चांगल्या व्हॅक्यूम लिफ्टरला, म्हणजे हवा ओढून काच धरणाऱ्या यंत्राला, हवा ओढणारी दोन स्वतंत्र सर्किटं असतात, व्हॅक्यूम घसरला की भोंगा वाजतो. इथे पंप चालू केला काय नि बंद केला काय, गेजचा काटा जागचा हलेना. मेस्त्रीने टिचकी मारून पाहिलं नि म्हणाला, “शेट, हा नुसता शोभेचा.” याच्या भरवशावर अडीचशे किलोचं पॅनल टांगायचं होतं.

या माणसाने मजले विचारले, ॲडव्हान्स कधी देता ते विचारलं. स्लॅबची कड किती आत-बाहेर आहे हे एकदाही नाही. काम तर तिथेच अडतं. काँक्रीट कधी नेमकं ओळंब्यात नसतं, म्हणून आधी टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्राने मजल्यामजल्याचा सर्व्हे आणि मग ब्रॅकेटच्या लांबट भोकांतून तिन्ही दिशांना जुळवाजुळव. यंत्र खरं असेल तर त्याचा मालक आधी हे आकडे मागेल. चालू साइट प्रत्यक्ष दाखवेल, लोड टेस्टचं सर्टिफिकेटही देईल.

बिलावरचा जीएसटी नंबर भलत्याच धंद्याचा निघाला, बँक खातं तिसऱ्याचंच. तो नंबर पोर्टलवर लॉगिन न करताही तपासता येतो.

पोलिसांत तक्रार दिली आहे. परवा सावंतवाडीच्या एका फॅब्रिकेटरला तोच व्हिडिओ आलाय. कंपनीचं नाव नवं, भाडं आमच्यापेक्षा कमी.