झाकण उघडल्यावर काळा स्क्रीन: डीप की एस-टू-आयडल?

झाकण उघडलं, कीबोर्डचे दिवे लागले, पण स्क्रीन काळाच. कधी वॉलपेपरच्या जागी रंगीबेरंगी चौकडे. लिनक्सवर हे झालं की लोक थेट ड्रायव्हर बदलायला धावतात. मी आधी झोपेचा (सस्पेंडचा) प्रकार बघतो: डीप की एस-टू-आयडल. टर्मिनलमध्ये सिस फोल्डरच्या पॉवरमधली मेम_स्लीप ही फाईल कॅट करा, म्हणजे cat /sys/power/mem_sleep ही आज्ञा द्या. चौकटी कंसात deep किंवा s2idle, जे दिसेल तो सध्याचा प्रकार.

डीप म्हणजे एस-३, गाढ झोप. रॅमला तेवढी वीज मिळते, बाकी जवळपास सगळं बंद. बॅटरी रात्रभर जेमतेम उतरते. पण ग्राफिक्स चिपची वीजही जाते, आणि उठताना ड्रायव्हरला ती पहिल्यापासून उभी करावी लागते. वेगळं कार्ड असेल तर त्याच्या मेमरीतला मजकूर आधी रॅममध्ये हलवलेला हवा, नाहीतर खिडक्यांत नुसता कचरा. घोडं बहुधा इथेच पेंड खातं.

एस-टू-आयडल ही हलकी झोप. यात कर्नल (लिनक्सचा गाभा) चालू प्रोग्रॅम गोठवतो, उपकरणं डुलकी घेतात, फर्मवेअर (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) मध्ये पडत नाही. जाग पटकन येते. हा प्रकार बॅटरी मात्र जास्त खातो. बॅगेत लॅपटॉप कोमट लागला तर नवल नाही.

माझ्या जुन्या लॅपटॉपवर एस-टू-आयडलनेच काळा स्क्रीन थांबला. रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) होऊन त्याच फाईलमध्ये s2idle लिहिलं, चार-पाच वेळा झाकण मिटून पाहिलं, मगच ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) mem_sleep_default=s2idle कायमचं टाकलं. प्रवासात मी सरळ शटडाउन करतो. नव्या बऱ्याच लॅपटॉपांत डीप नसतोच. तिथे प्रकार बदलता येत नाही, म्हणून काळा स्क्रीन आला तर नवा कर्नल टाकून बघा.