एकात्म विज्ञानाचा ज्ञानकोश: कुठून वाचावा, काय सोडावे

‘इंटरनॅशनल एन्सायक्लोपीडिया ऑफ युनिफाइड सायन्स’ हे नाव पाहून अकारविल्हे नोंदींची अपेक्षा ठेवू नका. हा वीस पुस्तिकांचा संच आहे आणि तो दोन खंडांत बांधलेला आहे. मुख्य संपादक ऑटो नॉयराट, सहसंपादक रुडॉल्फ कार्नाप आणि चार्ल्स मॉरिस. प्रकाशन शिकागो विद्यापीठाचे, १९३८ पासून.

सगळी शास्त्रे एकाच सूत्रातून निघावीत, हा आग्रह नॉयराट यांनी धरला नाही. शास्त्रे जिथे एकमेकांना भिडतात तिथले सांधे जुळवायचे आणि उरलेल्या फटी उघड्या ठेवायच्या, ही त्यांची भूमिका. आजही ती पटते, आणि संच घ्यावा तो याचसाठी.

सुरुवात पहिल्या पुस्तिकेतल्या कार्नाप यांच्या लेखापासून करा. ते दोन प्रश्न वेगळे करतात: शास्त्रांची भाषा एक आहे का, आणि नियम एक आहेत का? नियमांची एकता अजून साधलेली नाही, असे ते स्पष्ट सांगतात. भाषेची एकता मात्र दाखवता येते, कारण प्रत्येक शास्त्रीय शब्द टप्प्याटप्प्याने रोजच्या वस्तूंच्या भाषेपर्यंत आणता येतो. ‘विद्युतभारित’ हा शब्द घ्या. ‘जवळ हलकी वस्तू ठेवली तर ती ओढली जाते’ अशी थेट व्याख्या केली, तर जिच्याजवळ कधी काही ठेवलेच नाही ती प्रत्येक वस्तू भारित ठरते; कारण तर्कशास्त्रात अट खोटी असली की ‘जर-तर’ विधान खरे होते. म्हणून कार्नाप अट आधी मांडतात: हलकी वस्तू जवळ ठेवली असेल, तर ती ओढली गेली तरच पहिली वस्तू भारित. चाचणीच झाली नसेल तर हे वाक्य काहीच ठरवत नाही. हा भाग कागद-पेन्सिल घेऊन वाचावा. बाकीचा संच त्यावर उभा आहे.

त्यानंतर मॉरिस यांची चिन्हांवरची, हेम्पेल यांची संकल्पनांच्या घडणीवरची आणि ड्युई यांची मूल्यांवरची पुस्तिका, याच क्रमाने. वुडजर यांची पुस्तिका चिन्हांकित तर्कशास्त्र (वाक्यांऐवजी गणितासारखी चिन्हे वापरणारे तर्कशास्त्र) येत नसेल तर सोडा, टिंटनर यांची गणिती अर्थशास्त्रावरची गणित येत नसेल तर. सामान्य वाचकासाठी काढलेल्या मालिकेत या दोन्ही खटकतात.

मोठा दोष काळाचा. युद्ध आले, १९४५ मध्ये नॉयराट गेले, आणि शेवटची पुस्तिका यायला १९६९ उजाडले. विश्वरचनेवरची पुस्तिका १९५१ ची, म्हणजे वैश्विक पार्श्वप्रारणाच्या (विश्वाच्या आरंभकाळापासून सगळीकडे पसरलेल्या मंद प्रारणाच्या) शोधाआधीची. आज ती फक्त इतिहास म्हणून वाचता येते. ग्रंथसूचीही त्या शेवटच्या पुस्तिकेतच आहे.

थॉमस कून यांचे वैज्ञानिक क्रांत्यांवरचे १९६२ चे पुस्तक दुसऱ्या खंडातली दुसरी पुस्तिका आहे. ते बहुतेकांकडे सुटे असतेच. हेम्पेल आणि ड्युईही सुटे निघाले होते. त्यामुळे विकत घ्यायचा तर पहिला खंड घ्या, दुसऱ्यासाठी ग्रंथालय पुरे.