जळगावचं पोटविकार क्लिनिक: बसवून ठेवतात, पण समजावून सांगतात

एस.टी.त 27 वर्षं कंडक्टरकी केली. अमळनेर-धुळे फेरी, वेळी-अवेळी जेवण आणि बॅगेत कायम पित्ताची गोळी. रात्री दोनला पोटात खड्डा पडल्यासारखं व्हायचं, बिस्किट खाल्लं की थांबायचं. सगळे म्हणायचे, तिखट सोडा. मीही बायकोच्या भरितातल्या मिरचीवर खापर फोडून मोकळा व्हायचो.

शेवटी मुलाने जळगावला नंबर लावला. पहिली तक्रार इथेच. आठला बोलावलं, रिकाम्या पोटी, पाणीही नाही. आत घेतलं साडेअकराला. बाहेर एक पंखा, तोही दुसऱ्या रांगेवर. उपाशी माणसाला साडेतीन तास बसवणं बरं नव्हे, हे मी काउंटरवर सांगितलंही. आणखी एक, पित्ताची गोळी दोन आठवडे आधी बंद करायची असते, हे फोनवर नीट सांगायला हवं. मला मुलाने सांगितलं म्हणून बरं.

आत मात्र काम चोख. घशात कडू स्प्रे मारला, नळी गेली, एक-दोनदा उमासा आला, पाच-सात मिनिटांत सुटका. लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर निघाला. जठरातून मोहरीएवढा तुकडा काढून डॉक्टरांनी एका छोट्या पट्टीवरच्या पिवळ्या जेलमध्ये टाकला. पट्टी माझ्या हातात देऊन म्हणाले, "काका, बघत बसा." वीसेक मिनिटांत पिवळं गुलाबी झालं. हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू युरियाचा अमोनिया करतो, त्याने रंग पालटतो म्हणे. जठराच्या आम्लात हा टिकतोही त्याच अमोनियाच्या जोरावर.

हे डॉक्टर शिकत असताना प्रयोगशाळेतही राबलेत, म्हणून असेल, पण गोष्ट रंगवून सांगितली. ऑस्ट्रेलियातल्या पर्थला वॉरन आणि मार्शल हा जंतू वाढवायला बघत होते, वाढेचना. 1982 मध्ये ईस्टरच्या सुट्टीत बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस राहिल्या, आणि वाढला. तरी कुणी मानेना, अल्सर म्हणजे टेन्शन आणि आम्ल हेच सगळ्यांच्या डोक्यात. 1984 मध्ये मार्शलने जंतूंचं पाणी स्वतःच पिऊन टाकलं, घरी बायकोला न विचारता. थोड्याच दिवसांत ओकाऱ्या, आणि जठराला सूज. 2005 मध्ये दोघांना नोबेल. आमच्याकडे असं कुणी केलं असतं तर बायकोने आधी घराबाहेर काढलं असतं.

मला दोन अँटिबायोटिक्स आणि पित्ताची गोळी, 14 दिवस. तोंडाला लोखंडासारखी चव यायची, चहासुद्धा गोड लागेना. कोर्स अर्धवट सोडायचा नाही, हे डॉक्टरांनी तीनदा बजावलं. औषधं संपल्यावर महिना-दीड महिन्याने शौचाची तपासणी केली, जंतू नाही. तिखटाने जळजळ वाढते, पण माझा अल्सर काही मिरचीने झाला नव्हता, हेही त्यांनी बायकोसमोरच सांगितलं.

ती गाडीत बसेपर्यंत गप्प. मग म्हणाली, "आते काय सांगशात?"

पाचपैकी चार तारे. एक त्या पंख्याचा कापला.