छोट्या हाताचा ग्लव्ह: 'पेड्रोइया फिट', ११.५ इंच

क्रिकेटमध्ये फील्डिंगला ग्लोव्ज घालतो तो एकटा विकेटकीपर, बाकीचे दहा जण उघड्या तळव्यांनी उभे. त्यामुळे होळकर क्रिकेट संघाच्या या इंदुरात बेसबॉलचा ग्लव्ह घ्यायला निघालेला माणूस पहिली चूक साइझमध्ये करतो. जितका मोठा तितके झेल जास्त, असं त्याला वाटतं. आउटफील्डला हे चालतं. सेकंड बेसवर, म्हणजे धावणाऱ्याने गाठायच्या दुसऱ्या टप्प्याजवळ, हाच हिशेब उलटा पडतो, आणि विल्सन कंपनीच्या ए-२००० मालिकेतला हा ग्लव्ह त्या उलट्या हिशेबावरच बेतलेला आहे.

नाव डस्टिन पेड्रोइयाचं. अमेरिकेच्या बोस्टन रेड सॉक्स संघाचा हा सेकंड बेसमन २००६ ते २०१९ मैदानात होता, फेब्रुवारी २०२१ मध्ये निवृत्त झाला. उंची कागदावर पाच फूट नऊ इंच, म्हणजे त्या खेळात ठेंगणाच. २००७ मध्ये रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवोदित), २००८ मध्ये एमव्हीपी (लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू). ग्लव्हच्या दृष्टीने महत्त्वाचे मात्र त्याचे चार गोल्ड ग्लव्ह, म्हणजे क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार: २००८, २०११, २०१३ आणि २०१४.

सेकंड बेसमनचं खरं काम चेंडू पकडण्याचं नाही, पकडलेला चेंडू ग्लव्हमधून काढण्याचं आहे. डबल प्लेमध्ये, म्हणजे एकाच चेंडूवर दोघांना बाद करताना, शॉर्टस्टॉपची (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या खेळाडूची) फेक घ्यायची, पाय बेसला लावायचा आणि पहिल्या बेसकडे फेकायचं. समोरून धावणारा घसरत पायांवर येत असतो. चेंडू खोल पॉकेटमध्ये (ग्लव्हच्या खोलगट भागात) रुतला की बोटं शिवण शोधत बसतात आणि पहिल्या बेसकडे धावणारा गडी सेफ, म्हणजे नाबाद. २०१७ च्या एप्रिलमध्ये बाल्टिमोरला प्रतिस्पर्धी मॅनी मचाडोच्या स्लाइडने (घसरत येण्याने) पेड्रोइयाचा गुडघा दुखावला तो याच बेसवर. त्यानंतर २०१८ मध्ये ३ आणि २०१९ मध्ये ६ सामने, बस. गुडघा काही ग्लव्हने वाचत नाही, पण या जागेवर वेळ किती कमी असतो ते यावरून कळावं.

म्हणून पॉकेट उथळ. 'फिट' या शब्दाचा अर्थ बोटांच्या कप्प्यांत आहे: कप्पे अरुंद, मनगटाची फट लहान. सडपातळ हाताला, कॉलेजच्या पोरा-पोरींना, हा ग्लव्ह हाताचाच भाग असल्यासारखा बसतो. साध्या ए-२००० मध्ये त्याच हाताची बोटं आत खुळखुळतात आणि ग्लव्ह मिटायला उशीर होतो. रुंद पंजाच्या माणसाने मात्र याच्या वाटेला जाऊ नये. चामडं सैल पडेल या भरवशावर घेतलं तर करंगळीचा कप्पा कायम चावतो.

इंदुरात आणखी एक अडचण आहे. इथे ग्लव्ह शोधणारे बरेचसे सॉफ्टबॉलवाले. बेसबॉलचा घेर ९ ते ९.२५ इंच, सॉफ्टबॉलचा १२. उथळ पॉकेटमध्ये तो चेंडू बसतच नाही, टोकावर आदळून उडतो आणि अंगठा व तर्जनी यांमधल्या जाळीच्या दोऱ्या ताणतो. सॉफ्टबॉलला १२ ते १३ इंचाचा वेगळा ग्लव्ह घ्या. एकाच ग्लव्हवर दोन्ही खेळ भागवण्याची काटकसर इथे महागात पडते.

ए-२००० चं चामडं जाड आणि सुरुवातीला लाकडासारखं कडक. रोज पंधरा-वीस मिनिटं, दोन-तीन आठवडे धरा. लाकडी हातोडीने अंगठ्याखाली आणि करंगळीखाली जिथे घडी पडते तिथे ठोका, मग पॉकेटच्या मध्यावर. घडी अंगठा आणि अनामिका यांना जोडणाऱ्या रेषेत पडू द्या. करंगळीच्या कप्प्यात दोन बोटं घालायची युक्ती आउटफील्डवाल्यांची. तिने पॉकेट खोल होतं, जे इथे नकोच. त्यानंतर भिंतीवर चेंडू आपटून झेला, कारण शेवटचा आकार झेलण्यानेच येतो. मे महिन्यात गच्चीवर किंवा गाडीच्या काचेमागे ठेवून 'मऊ' करायला जाऊ नका. तेल सुकतं आणि चामडं तडकतं.

खोबरेल तेल तर नकोच. ते चामड्यात जिरून ग्लव्ह जड करतं आणि पुढे खवट वास धरतं. ग्लव्हचं कंडिशनर रुपयाच्या नाण्याएवढं, फडक्यावर घेऊन, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा. जास्त लावलं की कडा लुळ्या पडतात.

पावसाळ्यात माळव्याची काळी माती दोऱ्यांच्या गाठींत चिकटते आणि सुकली की दोरी कापते. खेळ संपल्यावर लगेच कोरड्या ब्रशने काढा. भिजलाच तर टॉवेलने टिपून, आत वर्तमानपत्राचे बोळे आणि पॉकेटमध्ये चेंडू घालून पंख्याखाली एक-दोन दिवस ठेवा. हीटर नको. बंद किटबॅगेत राहिला तर आठवड्यात बुरशी.

पहिली तुटते ती जाळीच्या वरच्या टोकाची दोरी. शिवणकामाच्या दोऱ्याने ती बांधून चालत नाही. चामड्याची पट्टीच लागते. नेहमीच्या मोच्याकडे द्यायला हरकत नाही, पण पट्टी आपण न्यावी आणि जुनी ओवण सोडण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढून त्याला दाखवावेत. ओवण्याची वाट चुकली की जाळी एका अंगाला झुकते.

किंमत अमेरिकेत साधारण ३०० डॉलर, वर भाडं आणि सीमाशुल्क. आठवड्यातून एकदा हौसेने खेळणाऱ्याला ती परवडावी असं कारण दिसत नाही. सेकंड बेस किंवा शॉर्टस्टॉप हीच कायमची जागा असेल तर वसूल. मागवताना 'राइट हँड थ्रो' हे शब्द नीट वाचा: त्याचा अर्थ उजव्या हाताने फेकणाऱ्याचा, म्हणजे डाव्या हातात घालायचा. डाव्या हातात घालायचा म्हणून 'लेफ्ट हँड थ्रो' मागवलं तर समुद्रापलीकडे परत पाठवण्याचा खर्च आपल्याच माथी.