गुगल ॲड्स आणि आमच्या हापूसच्या पेट्या: एका सीझननंतरचा अनुभव

आमची देवगड तालुक्यात हापूसची कलमं आहेत. बाग दीर बघतात, पुण्यातली विक्री मी कोथरूडहून बघते. आजवर माल वाशी मार्केटला जायचा, दलालाची पट्टी यायची आणि हातात काय पडलं ते मे संपल्यावर कळायचं. यंदा थेट गिऱ्हाईक गाठायचं ठरवलं आणि १५ फेब्रुवारीपासून गुगल ॲड्सवर जाहिरात देऊन क्लिकमागे पैसे मोजायला लागले. जूनच्या पहिल्या आठवड्यात खातं पॉज केलं. त्या सगळ्याचा हा हिशेब.

पहिला महिना जवळजवळ पाण्यात गेला. रोजचं बजेट ४०० रुपये ठेवलं होतं. एखाद्या दिवशी दुप्पट, म्हणजे ८०० पर्यंत खर्च होऊ शकतो, पण महिन्याचा आकडा रोजच्या बजेटच्या ३०.४ पटीपुढे जात नाही, हे मला नंतर कळलं. पहिल्याच रविवारी ७६० गेलेले बघून पोटात गोळा आला होता. महिन्याला साधारण ११,९०० लागले आणि वर १८ टक्के जीएसटी. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, त्यामुळे भरलेला कर वळता करून घ्यायचीही सोय नाही. आमच्यासारख्यांनी क्लिकचा भाव कर मिळवूनच धरावा. क्लिक आले दोन हजारांवर. पेट्या गेल्या सात.

सेटअप एका एजन्सीने करून दिला होता. त्यांचा रिपोर्ट मात्र झकास: ९६ कन्व्हर्जन, म्हणजे जाहिरातीमुळे हाती लागलेली गिऱ्हाइकं! वेबसाइटवरच्या व्हॉट्सॲपच्या बटणावर बोट पडलं की झालं कन्व्हर्जन, असा तो हिशेब होता. पलीकडून कुणी ‘हाय’ही केलं नव्हतं. मग पैसे भरल्यावर जे ‘धन्यवाद’चं पान उघडतं, तिथे मोजणी लावून घेतली. ९६ चे सात झाले. वाईट वाटलं, पण निदान खरं काय ते समोर आलं.

एका रात्री जेवणं आटोपल्यावर जाहिराती नेमक्या कुठे दिसल्या त्याचा रिपोर्ट उघडला. फुगे फोडायचा गेम. टॉर्चचं ॲप. लहान मुलांचं रंगभरण. परत एक फुगे फोडायचा गेम. सर्च कॅम्पेनमध्ये, म्हणजे गुगलवर शोधणाऱ्यांना दिसायच्या जाहिरातींत, डिस्प्ले नेटवर्कच्या (इतरांच्या साइट आणि ॲपवरच्या जाहिरातींच्या) चौकटीत टिक राहिली होती. ती काढायचं ना एजन्सीला सुचलं, ना मला माहीत होतं. सर्चवर बजेट उरलं की पैसा तिकडे वळतो, आणि फेब्रुवारीत हापूस शोधतंय कोण? सोळाशेच्या वर क्लिक तिकडचे. एकेक क्लिक तीन रुपयांना, म्हणून मी खूश होते. सर्चचा क्लिक सोळा रुपयांना, तो मला महाग वाटायचा. सातही पेट्या त्या ‘महाग’ क्लिकवरच्या होत्या.

हे क्लिक येतात कसे तेही घरातच बघायला मिळालं. भाचा माझ्या फोनवर गेम खेळत होता. मध्येच जाहिरात आली. बंद करायची फुली मोहरीएवढी, अंगठा त्याच्या चौपट. तिसऱ्या प्रयत्नात कुठल्याशा कर्जाचं पान उघडलं. त्याने बॅक दाबलं आणि पुन्हा फुगे फोडायला लागला. कुणाचे तरी पैसे गेले.

टिक काढली. पुढचं काम जास्त चिवट निघालं. लोकांनी नक्की काय टाइप केल्यावर आपली जाहिरात आली, तो सर्च टर्म्सचा रिपोर्ट मी रोज सकाळी चहाबरोबर वाचायचे. जाहिरातीसाठी निवडलेले शब्द आम्ही ‘ब्रॉड मॅच’ला ठेवले होते, म्हणजे जवळपासचं काहीही चालतं. ‘हापूस कलम किंमत’ शोधणाऱ्याला नर्सरी हवी असते. ‘हापूस भाव वाशी आज’वाला बहुतेक व्यापारी असतो, नाहीतर आमच्यासारखाच बागायतदार. आमरसाची रेसिपी, आंब्याचं चित्र, आंबा पल्प. एक बाई तर फोन करून एसी रूम आहे का, कुणकेश्वरचं देऊळ किती लांब पडेल, असं विचारत होत्या. ‘देवगड’ या शब्दाचा प्रताप. हे सगळे शब्द ‘निगेटिव्ह’मध्ये, म्हणजे ते शोधणाऱ्याला जाहिरात दिसू नये अशा यादीत, टाकले. इथे एक मेख आहे: निगेटिव्ह शब्दाची एकवचन-अनेकवचनासारखी रूपं आपोआप धरली जात नाहीत. ‘कलम’ टाकलं म्हणून ‘कलमे’ अडत नाही, आणि देवनागरीत टाकलेलं रोमन लिपीत टाइप करणाऱ्याला अडवत नाही. दोन्ही लिप्यांत, एकवचन-अनेकवचन धरून यादी करा. माझी दीडशेच्या पुढे गेली.

मग मी जरा जास्तच शहाणपणा केला. लोकेशनच्या सेटिंगमध्ये ‘या जागी असलेले किंवा या जागेत रस असलेले’ असा पर्याय असतो. सगळे सांगतात की तो बदलून फक्त ‘या जागी असलेले’ ठेवा. मी ठेवलं, पुणे. उगाच परदेशातल्या क्लिकचे पैसे कशाला? पंधरा दिवसांत मोठ्या ऑर्डरी आटल्या. वही चाळली तेव्हा ट्यूब पेटली. एकदम तीन-चार पेट्या घेणाऱ्यांचे व्हॉट्सॲप नंबर +१ नाहीतर +९७१ ने सुरू होत होते. मुलगा न्यू जर्सीत, आईबाबा औंधला, एक पेटी त्यांना, एक सासरी, एक मावशीकडे. ही माणसं भावात घासाघीस करत नाहीत. एकच विचारतात: ‘आईला जिना उतरावा लागेल का?’

त्यांच्यासाठी वेगळं कॅम्पेन केलं. अमेरिका आणि आखात, जाहिरातीची ओळ ‘पुण्यातल्या घरी आंबे पाठवा’. क्लिक पुण्यापेक्षा दुपटीहून महाग पडला आणि तरी पेटीमागे खर्च कमी आला. पण पहिले चार दिवस तिथून काहीच नाही, कारण वेळापत्रक जुनंच होतं: सकाळी ८ ते रात्री १०. ही वेळ खात्याच्या टाइम झोनने धरतात, म्हणजे भारताच्या. न्यू जर्सीत उन्हाळ्यात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. तिकडचा माणूस जेवून निवांत फोन बघायचा तेव्हा माझी जाहिरात झोपलेली. वेळ उघडली आणि अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात रोज उठल्याबरोबर ऑर्डरी तयार असायच्या.

पहिल्या नंबरावर दिसण्याचा सोस मी मेमध्ये सोडला. बोली, म्हणजे एका क्लिकला मोजायची तयारी असलेली रक्कम, थोडी उतरवली, जाहिरात दुसरी-तिसरी यायला लागली, पेट्यांत फरक पडला नाही. उलट जाहिरातीतून थेट भावाच्या पानावर, चार डझन की पाच डझन, फळ तयार की कच्चं, असं नेऊन सोडल्याचा फायदा जास्त झाला.

डिस्प्ले पूर्ण टाकून दिलेलं नाही. भावाचं पान बघून ऑर्डर न करता गेलेल्यांनाच पुन्हा दिसेल एवढंच ठेवलं, ॲप आणि गेम सगळे वगळून. थोड्या पैशांत बऱ्यापैकी चाललं.

मागचे तीन महिने मिळून जाहिरातीचा खर्च पेटीमागे कर धरून १४० रुपयांवर आला. मार्केटची अडत-हमाली मी इतकी वर्षं भरलीय, त्यामानाने मला परवडतं. दोन-पाच पेट्याच विकायच्या असतील तर यात पडू नका, सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप पुरे. शेवटचा माल कॅनिंगला गेला. पुढच्या वर्षी पुण्याचं कॅम्पेन मार्चच्या मध्याशिवाय उघडणार नाही. परदेशातलं मात्र आधी, कारण त्यांचा ‘पहिली पेटी कधी?’ हा प्रश्न जानेवारीतच यायला लागतो.